चीफ्सचे पर्व: ६-११ हा आकडा शेवटाचा आहे, सुरुवातीचा नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमध्ये २०२५ च्या हंगामात कॅन्सस सिटी चीफ्स हा संघ १७ पैकी ११ सामने हरला. १४ डिसेंबरला लॉस एंजेलिस चार्जर्सविरुद्ध चीफ्सचा क्वार्टरबॅक (पास फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) पॅट्रिक महोम्स याच्या डाव्या गुडघ्याचा एसीएल हा अस्थिबंध फाटला आणि २०१४ नंतर पहिल्यांदाच हा संघ प्लेऑफबाहेर (साखळीनंतरच्या बाद फेरीबाहेर) राहिला. तेव्हापासून ‘एका पर्वाचा अस्त’ असे लिहिले जात आहे. पर्व उतरणीला लागले आहे, हे मलाही मान्य आहे. मात्र ही उतरण डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाली असे मानले, तर पुढचे सगळे निदान चुकते. ती २०२३ मध्येच सुरू झाली होती. त्या काळात सुपर बोल या अंतिम सामन्याचा एक करंडक आणि भरपूर विजय आले, म्हणून ती दिसली नाही.

आधी दोन हंगामांचे गुण शेजारी ठेवून पाहावेत. २०२४ मध्ये चीफ्सने साखळीत १५ सामने जिंकले, २ हरले. ३८५ गुण केले आणि ३२६ दिले. २०२५ मध्ये ६ जिंकले, ११ हरले. ३६२ गुण केले आणि ३२८ दिले. म्हणजे वर्षभरात केलेल्या गुणांत फरक पडला २३ चा आणि दिलेल्या गुणांत अवघ्या २ चा. केलेल्या आणि दिलेल्या गुणांचे गुणोत्तर २.३७ या घातांकाने चढवून अपेक्षित विजय काढायचे एक सूत्र या खेळाचे अभ्यासक वापरतात. त्या सूत्राने २०२४ च्या संघाला सुमारे १० विजय मिळायला हवे होते आणि २०२५ च्या संघाला सुमारे साडेनऊ. एक रास्त आक्षेप इथे नोंदवायला हवा: २०२४ च्या शेवटच्या सामन्यात प्रमुख खेळाडूंना विश्रांती देऊन चीफ्स डेन्व्हरकडून ०-३८ असे हरले होते, त्यामुळे त्या वर्षाचा हिशेब थोडा खाली ओढला जातो. तो सामना वगळला तरी १५ विजयांचा संघ कागदावर दिसत नाही.

मग १५ विजय आले कुठून? आठ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने सुटलेले ११ सामने चीफ्सने २०२४ मध्ये खेळले आणि अकराही जिंकले. २०२५ मध्ये असे १० सामने झाले. त्यातला एक जिंकला, नऊ हरले.

हे ११ सामने कसे जिंकले ते जवळून पाहण्यासारखे आहे. सलामीला बाल्टिमोरविरुद्ध शेवटच्या चेंडूवर त्यांच्या आयझेया लाइकलीने टचडाउनचा (गोलरेषेपलीकडचा, सहा गुणांचा) झेल घेतला, पण त्याच्या बुटाचे टोक मागच्या रेषेवर पडले होते, २७-२०. नोव्हेंबरमध्ये डेन्व्हरची ३५ यार्डांवरची अखेरची किक (खांबांमधून मारायची, तीन गुणांची) चीफ्सच्या लिओ शेनालच्या हाताला लागली; १६-१४. पुढे रेडर्स किक मारण्याच्या अंतरात पोहोचले असताना त्यांच्या सेंटरने मागे दिलेला चेंडू (स्नॅप) क्वार्टरबॅकच्या हाती लागलाच नाही, १९-१७. चार्जर्सविरुद्ध चीफ्सची शेवटची किक खांबाला आपटून आत गेली, पुन्हा १९-१७. यात केवळ दैव होते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. शेवटच्या दोन मिनिटांत प्रशिक्षक अँडी रीड यांचा संघ डोके शांत ठेवून खेळतो, आणि २३ जानेवारी २०२२ रोजी बफेलोविरुद्ध १३ सेकंदांत दोन पासमध्ये ४४ यार्ड कापून बरोबरीची किक मिळवणारा संघ हाच. पण बुटाचे टोक आणि खांबाची जाडी दरवर्षी आपल्या बाजूने नसते. ऑक्टोबर २०२५ मध्ये जॅक्सनव्हिलचा क्वार्टरबॅक ट्रेव्हर लॉरेन्स शेवटच्या अर्ध्या मिनिटात अडखळून पडला, उठला आणि धावत गोलरेषेपार गेला. चीफ्स २८-३१ ने हरले. त्याच सामन्यात गोलरेषेजवळ महोम्सचा पास पकडून डेव्हिन लॉइड ९९ यार्ड धावला होता.

नशीब फिरले, एवढ्यावर विषय मिटत नाही. दर आठवड्याला सामना शेवटच्या चेंडूपर्यंत का लांबतो, हा खरा प्रश्न. त्याचे उत्तर चीफ्सच्या आक्रमणात आहे. महोम्सच्या पहिल्या पूर्ण हंगामात, २०१८ मध्ये, संघ सामन्याला सरासरी ३५.३ गुण करत होता. २०२२ मध्ये २९.२. २०२३ मध्ये हा आकडा २१.८ वर आला, २०२४ मध्ये २२.६, २०२५ मध्ये २१.३. म्हणजे २०२२ आणि २०२३ यांच्या मध्ये एक अख्खा टचडाउन गळाला आणि तीन वर्षे झाली तरी भरून आला नाही. फेब्रुवारी २०२४ चा करंडक बचावाचे प्रशिक्षक स्टीव्ह स्पॅग्नुओलो यांच्या बचावफळीने जिंकून दिला. त्या हंगामात त्यांनी साखळीत फक्त २९४ गुण दिले होते. महोम्सचे पासच्या दर प्रयत्नामागचे यार्डही याच वाटेने उतरले: २०१८ मध्ये ८.८, २०२३ मध्ये ७.०, २०२४ मध्ये ६.८.

याचे पहिले कारण प्रतिस्पर्ध्यांनी शोधलेला उपाय. बचावातले दोन्ही सेफ्टी (सर्वांत मागचे बचावपटू) बारा-पंधरा यार्ड मागे उभे करायचे, लांब पासवर झाकण घालायचे आणि खालचा छोटा पास खुशाल देऊ करायचा. यात गणित असे आहे की तीन पासांत मैदान कापणाऱ्या संघाला आता दहा-बारा चेंडू लागतात. दहा-बारा चेंडूंत कुणीतरी एकदा झेल सोडतो, कुणी पकडापकडी करतो आणि होल्डिंगचा १० यार्डांचा दंड बसतो, किंवा क्वार्टरबॅक एकदा पाडला जातो. पहिल्या डाउनला (चार प्रयत्नांपैकी पहिल्याला) दहाऐवजी २० यार्ड हवे झाले, की छोट्या पासांवर चालणारा संघ बहुतेक वेळा पंटच करतो, म्हणजे चेंडू लाथेने दूर मारून प्रतिस्पर्ध्याला देतो. या मांडणीवर उतारा सगळ्यांना ठाऊक आहे: दोन माणसे मागे गेली म्हणजे पुढे माणसे कमी उरली, तेव्हा चेंडू घेऊन धावायचे. दर धावेला पाच यार्ड मिळू लागले, की एका सेफ्टीला खाली उतरावेच लागते आणि मग त्याच्या डोक्यावरून पास जातो. चीफ्सला हेच जमत नाही. २०१७ मध्ये करीम हंटने १,३२७ यार्ड धावून लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला. त्यानंतर चीफ्सच्या एकाही धावपटूने हंगामात १,००० यार्ड गाठलेले नाहीत.

मार्च २०२२ मध्ये पास घेणाऱ्या वेगवान टायरीक हिलला मायामीला दिले ही घोडचूक होती, असे मत वारंवार ऐकू येते. मला ते पटत नाही. त्या व्यवहारात पाच ड्राफ्ट निवडी (महाविद्यालयांतले नवे खेळाडू निवडायचे हक्क) मिळाल्या. त्यातली २९ व्या क्रमांकाची निवड वापरून संघ वर सरकला आणि २१ व्या क्रमांकावर ट्रेंट मॅकडफी घेतला. त्याच ड्राफ्टमध्ये जॉर्ज कार्लाफ्टिस, शेनाल आणि सातव्या फेरीत जेलन वॉटसन व आयझेया पाचेको आले. पाचेको धावपटू; पुढच्या दोन विजेतेपदांचा बचाव बाकीच्या माणसांनी उभा केला. चूक झाली ती नंतर. हिलच्या वेगाची जागा भरायला संघाने दोन वर्षे घेतली, आणि २०२४ मध्ये ४० यार्ड ४.२१ सेकंदांत धावून विक्रम करणारा झेवियर वर्दी आणला, तोवर दुसरी बाजू खचली होती.

ती बाजू म्हणजे ट्रॅव्हिस केल्सी. सात हंगाम सलग हजारावर यार्ड मिळवणारा दुसरा टाइट एंड (अडवणारा आणि पासही घेणारा खेळाडू) या खेळात झालेला नाही. झोन बचावात मोकळी जागा ओळखून तिथे थांबायची त्याची समज आजही पहिल्या प्रतीची आहे. पण २०२० मध्ये १०५ झेलांत १,४१६ यार्ड, म्हणजे झेलामागे १३.५, आणि २०२४ मध्ये ९७ झेलांत ८२३, म्हणजे झेलामागे ८.५. झेल जवळपास तेवढेच; झेलानंतरची पळापळ आणि खोली गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये तो ३६ वर्षांचा झाला. त्याने आणखी खेळायचे ठरवले तरी आक्रमणाचा मुख्य खांब म्हणून त्याच्यावर भार टाकता येणार नाही.

दुसरे कारण माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठे, आणि त्यावरच सर्वांत कमी लिहिले जाते: डावीकडचा टॅकल, म्हणजे क्वार्टरबॅकला राखणाऱ्या पाच जणांच्या रांगेतला टोकाचा माणूस. उजव्या हाताचा क्वार्टरबॅक फेकायच्या तयारीत उभा राहिला की त्याची पाठ डावीकडे असते. तिकडून येणारा माणूस त्याला दिसत नाही. तिथला टॅकल सतत हरू लागला, की मदतीला टाइट एंड किंवा धावपटू थांबवावा लागतो. प्रतिस्पर्धी चारच माणसांनी चाल करून सात जण मागे ठेवतो आणि आपले पास घ्यायला जाणारे पाचाऐवजी चार होतात. सातांनी चार झाकणे कठीण नाही.

महोम्सच्या हातून गेलेले दोन्ही सुपर बोल याच वाटेने गेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये एरिक फिशर आणि मिचेल श्वार्ट्झ हे दोन्ही टॅकल दुखापतीने बाहेर होते. टॅम्पा बेविरुद्ध ९-३१, एकही टचडाउन नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये डाव्या टॅकलसाठी सगळे पर्याय वापरून झाल्यावर जो थूनीला गार्डच्या (टॅकलच्या आतल्या) जागेवरून तिथे हलवले होते. थूनी उत्तम गार्ड, पण त्याचे हात टॅकलच्या मानाने आखूड, आणि तो सरकल्यामुळे गार्डची जागाही दुबळी झाली. फिलाडेल्फियाने एकदाही ब्लिट्झ (चारांहून जास्त माणसांची चाल) न करता महोम्सला सहा वेळा पाडले. मध्यंतरापर्यंत चीफ्सचे एकूण यार्ड २३ आणि गुणफलक ०-२४. शेवटचा २२-४० हा आकडा त्या सामन्याची खरी कहाणी सांगत नाही.

२०२१ मध्ये या दुखण्यावर एका उन्हाळ्यात इलाज झाला होता. थूनीला मोठ्या कराराने आणले, बाल्टिमोरकडून ऑर्लँडो ब्राउन घेतला, ड्राफ्टमध्ये ६३ व्या क्रमांकावर सेंटर क्रीड हम्फ्री आणि २२६ व्या क्रमांकावर, सहाव्या फेरीत, गार्ड ट्रे स्मिथ मिळाले. पाचही जागा नव्या झाल्या. २०२५ मध्ये तसे करता आले नाही. उलट थूनीला शिकागोला द्यावे लागले, तेही चौथ्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात. डाव्या टॅकलसाठी पहिल्या फेरीच्या शेवटी, ३२ व्या क्रमांकावर, जॉश सिमन्स घेतला. एवढ्या खाली तो शिल्लक राहिला तो महाविद्यालयात असताना गुडघा दुखावल्यामुळे. खेळला तेव्हा निवड सार्थ ठरवली, पण मधले काही सामने तो नव्हता, आणि डॅलसविरुद्ध त्याचे मनगट निखळले. १४ डिसेंबरला तो मैदानात नव्हता.

तेव्हा जमले ते आता का जमले नाही, याचे उत्तर पैशात आहे. २०२० मध्ये महोम्सने दहा वर्षांचा ४५ कोटी डॉलरचा करार केला होता; २०२१ मध्ये त्याचा मोठा भार अजून पुढे होता आणि हम्फ्री, स्मिथ, निक बोल्टन ही मंडळी ड्राफ्टच्या स्वस्त करारावर होती. आता हम्फ्रीचे चार वर्षांचे ७ कोटी २० लाख, स्मिथचे चार वर्षांचे ९ कोटी ४० लाख, बोल्टनचे तीन वर्षांचे साडेचार कोटी आणि ख्रिस जोन्सचे पाच वर्षांचे जवळपास १५ कोटी ८८ लाख डॉलर. २०२५ ची सॅलरी कॅप (खेळाडूंच्या एकूण पगाराची मर्यादा) प्रत्येक संघाला २७ कोटी ९२ लाख डॉलर होती. ही कमाल मर्यादा पक्की असते. दंड भरून ओलांडता येत नाही.

या मर्यादेला वळसा घालायची युक्ती अशी. समजा खेळाडूचा यंदाचा पगार ४ कोटी आहे. तो बोनस म्हणून आजच हातावर ठेवला, तर हिशेबात तो कराराच्या उरलेल्या वर्षांत, जास्तीत जास्त पाच, समान वाटता येतो. यंदा पडतात ८० लाख. ३ कोटी २० लाख मोकळे झाले. पण पुढची चार वर्षे दरवर्षी ८० लाख आधीच खर्ची पडलेले असतात. दोन वर्षांनी तो खेळाडू सोडला, तर उरलेले २ कोटी ४० लाख एकदम त्या वर्षाच्या खात्यावर येतात. १ जूननंतर सोडला तर दोन वर्षांत विभागता येतात, एवढीच सवलत. यालाच डेड मनी म्हणतात: माणूस नाही, जागा मात्र अडलेली. महोम्सच्या करारावर चीफ्सने ही युक्ती पुन्हा पुन्हा वापरली आहे. क्वार्टरबॅक दहा वर्षे राहणार असेल तर ती समजूतदारपणाची आहे. पस्तिशीकडे झुकलेल्या इतर खेळाडूंवर ती वापरली की संघ अडकतो.

ड्राफ्टचा क्रमही यात भर घालतो. जिंकणाऱ्याला शेवटी निवड मिळते, म्हणून २०२३ ते २०२५ मध्ये चीफ्सच्या पहिल्या फेरीच्या निवडी ३१, २८ आणि ३२ व्या क्रमांकावर झाल्या. २०२१ आणि २०२२ ची पिके विलक्षण होती, पण अशी पिके लागोपाठ येत नाहीत.

आता गुडघ्याकडे. तुलनेसाठी जवळचे उदाहरण न्यू इंग्लंडचा क्वार्टरबॅक टॉम ब्रॅडी याचे आहे. सप्टेंबर २००८ मध्ये, ३१ व्या वर्षी, त्याच्याही डाव्या गुडघ्याचा एसीएल फाटला, आणि तो सामना चीफ्सविरुद्धचाच होता. त्या वर्षी न्यू इंग्लंड ११-५ होऊनही प्लेऑफला मुकले. ब्रॅडी २००९ मध्ये परतला, फेब्रुवारी २०१२ मध्ये सुपर बोलला पोहोचून हरला आणि पुढचा करंडक फेब्रुवारी २०१५ मध्ये जिंकला. न्यू इंग्लंडचे पर्व संपले असे फेब्रुवारी २००५ नंतरच्या दहा वर्षांत किती वेळा म्हटले गेले असेल! पण २०१५ चा धरून त्यांनी आणखी तीन करंडक घेतले. म्हणून ३० वर्षांच्या महोम्सबद्दल ‘संपला’ हा शब्द वापरू नये, असे मी आग्रहाने म्हणतो.

मात्र ब्रॅडीच्या उदाहरणावर पूर्ण विसंबूनही चालणार नाही. ब्रॅडी पॉकेटमध्ये (राखणाऱ्या रांगेच्या आडोशाला) उभा राहून खेळायचा आणि त्याची दुखापत हंगामाच्या पहिल्याच सामन्यात झाली. परतायला त्याला अख्खे वर्ष मिळाले. महोम्सची शस्त्रक्रिया डिसेंबरच्या मध्यावर झाली. एसीएलनंतर पूर्ण स्पर्धेत उतरायला साधारण नऊ महिने धरले जातात, आणि ते सप्टेंबरच्या मध्यावर भरतात. हंगाम त्याआधीच सुरू होतो. शिवाय उजव्या हाताने फेकणाऱ्याचे सगळे वजन चेंडू सुटताना डाव्या पायावर येते. महोम्सची खासियत पाय न रोवता, पळता पळता फेकण्यात आहे आणि त्यात तो डावा गुडघा पिळतो. तो परतेलच, पण पहिल्या महिना-दोन महिन्यांत त्याला पॉकेटमध्ये उभे राहून, ठरल्या वेळी चेंडू सोडून खेळावे लागेल. म्हणजे सगळे पुन्हा त्या डाव्या टॅकलवर येऊन थांबते.

पश्चिम विभागही बदलला आहे. २०१६ पासून सलग नऊ वर्षे चीफ्सकडे असलेले विभागाचे विजेतेपद प्रशिक्षक शॉन पेटन यांच्या डेन्व्हरने घेतले, आणि डेन्व्हर व जिम हार्बॉ यांचे चार्जर्स या दोघांनीही २०२५ मध्ये चीफ्सला दोन्ही सामन्यांत हरवले. हे चार पराभव ६, ३, ३ आणि ७ गुणांचे होते. चीफ्सला मिळालेल्या तिसऱ्या स्थानाचा एक फायदा असा की पुढच्या वेळापत्रकातले तीन प्रतिस्पर्धी इतर विभागांतले तिसरे संघ असतात, आणि ड्राफ्टमध्ये कित्येक वर्षांनी वरचा क्रमांक मिळतो.

माझे मत एका वाक्यात असे: दरवर्षी अंतिम चारांत पोहोचणारा, सहा हंगामांत पाच सुपर बोल खेळणारा तो संघ संपला आहे, महोम्स उभा राहिला तर आणखी एक-दोन करंडक घेऊ शकणारा संघ संपलेला नाही. येत्या हंगामात हे तपासायला विजयांची संख्या पाहू नये. सामन्यामागे गुण २५ च्या वर जातात का, दर प्रयत्नामागे यार्ड ७.५ ला पोहोचतात का, आणि दहाव्या आठवड्यातही पहिल्या आठवड्याचाच डावा टॅकल उभा आहे का, एवढे पाहावे. तिन्हींची उत्तरे ‘नाही’ आली आणि तरी संघ १२ सामने जिंकला, तर ते २०२४ चेच दुसरे रूप समजावे.

आपल्याला एकच विनंती आहे. या लीगचे गुणतक्ते छापताना फक्त जय-पराजय दिले जातात. त्यात केलेले आणि दिलेले गुण असे दोन रकाने वाढवले, तर ६-११ च्या शेजारी ३६२ आणि ३२८ हे आकडेही वाचकांसमोर येतील.

आपला,
एक नियमित वाचक